गाव मोजणारे शब्द

‘सुमारे’ म्हटले की मराठीत नेमकेपणा संपतो. सुमारे पाच हजार वस्तीचे गाव, तिन्हीसांजेच्या सुमाराला, सुमारे दोन कोसांवर. विशेषण म्हणून ‘सुमार’ आला तर दर्जाही घसरतो: सुमार पुस्तक, सुमार बुद्धी. पण ज्या फारसी ‘शुमार’वरून हा शब्द आला, त्याचा अर्थ मोजणी, गणती असा आहे. मराठीला तो अर्थ चांगला ठाऊक होता. ‘बेसुमार’ म्हणजे मोजता न येणारे, हे आपण आजही म्हणतोच. मोजणीचा शब्द अंदाजाकडे सरकला, यात मला भाषेचा प्रामाणिकपणा दिसतो. सगळा मुलूख मोजायला निघालेल्या माणसाच्या हाती शेवटी जे लागते ते ‘सुमारे’च असते.

याच शब्दाला घर जोडून ‘खानेसुमारी’ झाली. खाना म्हणजे घर; दवाखाना, कारखाना, छापखाना हे सगळे त्याच कुळातले. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद. पेशवाईत गावांच्या आणि पेठांच्या अशा खानेसुमाऱ्या होत, कारण पट्टी घरावर बसे. पुढे १८७२ साली मुंबई इलाख्यात इंग्रजांनी पहिली व्यापक जनगणना केली, १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी होऊ लागली, आणि मराठी माणसाने तिलाही खानेसुमारीच म्हटले. आता मोजली जात होती ती माणसे. शब्द मात्र घरे मोजणारा राहिला. इराणात जनगणनेला ‘सरशुमारी’ म्हणतात, म्हणजे डोक्यांची मोजणी. उर्दूत ‘मर्दुमशुमारी’, माणसांची मोजणी. आपल्याकडे ‘शिरगणती’ आली तेव्हा कुठे शब्द आणि काम एका ओळीत बसले. ‘जनगणना’ ही त्यानंतरची, सरकारी वळणाची.

गावाची आकडेवारी वाचणाऱ्याने पहिला प्रश्न ‘किती?’ असा विचारूच नये. पहिला प्रश्न ‘काय मोजले?’ हा. घर, चूल, डोके, खाते, नाव की रुपये? आपल्या जुन्या शब्दांत या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असते, फक्त शब्द थोडा उकलून पाहावा लागतो.

‘दोनशे उंबऱ्यांचे गाव’ असे आपण म्हणतो. उंबरा मोजला की घर मोजले गेले. पण एका उंबऱ्याच्या आत दोन भाऊ वेगळे राहत असतील तर? तिथे दुसरे माप लागते, ते चुलीचे. ‘त्यांची चूल वेगळी झाली’ म्हणजे घर तेच, कुटुंबे दोन. लग्नात ‘चूलबंद आवतण’ दिले की त्या घरात त्या दिवशी चूल पेटू नये, लहानथोर सगळे जेवायला यावेत, असा अर्थ. जनगणनेत कुटुंब ठरवण्याची कसोटी नेमकी हीच आहे: जे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब, मग ते नात्याचे असोत वा नसोत. शहरात एका खोलीत राहून एकत्र रांधणारी चार बिननात्याची मुले जनगणनेच्या हिशेबी एक कुटुंब ठरतात. एकाच वाड्यात वेगळे रांधणारे सख्खे भाऊ दोन. म्हणून गावाच्या तक्त्यात घरांची संख्या आणि कुटुंबांची संख्या जुळत नाही, तेव्हा ती छापायची चूक मानू नये. एक उंबरा मोजतो आहे, दुसरा चूल.

‘कुटुंब’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. जुन्या पिढीतले पुरुष ‘आमचे कुटुंब’ म्हणत ते बायकोला. सरकारी कागदावर मात्र ‘कुटुंबप्रमुख’ म्हटले की पुरुषाचेच नाव लिहायची रीत पडली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. म्हणजे बायकोचे नाव न घेता ज्या शब्दाने तिचा निर्देश होई, त्या शब्दाचे प्रमुखपद कायद्याने तिला दिले. पुरवठा खात्याच्या आकड्यातल्या ‘महिला कुटुंबप्रमुख’ आणि जनगणनेतल्या ‘महिला कुटुंबप्रमुख’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येईल. एक कायद्याने ठरते, दुसरी घरातले लोक कोणाला प्रमुख मानतात त्यावर.

उंबरा आणि चुलीबरोबर दिवाही आहे, पण तो एका दुःखाच्या शब्दात लपला आहे. महसुली कागदांत ज्या गावात वस्ती उरली नाही त्याला ‘बेचिराख’ म्हणतात. आपल्याला त्यात राख दिसते, आग लागून भस्म झालेले गाव डोळ्यांपुढे येते, आणि ‘शहर बेचिराख केले’ असे आपण लिहितोही. मुळात हा शब्द ‘बे-चिराग’, दिवा नसलेले. जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते गाव. मराठी जिभेने ‘ग’चा ‘ख’ केला आणि राखेने अर्थ व्यापला. महसुली दप्तरात मात्र शब्द आपल्या जुन्या अर्थानेच उभा आहे: गावाचे नाव आहे, शिवार आहे, जमिनीचे क्षेत्र आहे, लोकसंख्या शून्य. धरणाखाली गेलेली किंवा फार पूर्वी उठून गेलेली अशी गावे यादीत पाहिली की ‘जिल्ह्यातली एकूण गावे’ आणि ‘वस्ती असलेली गावे’ हे दोन आकडे वेगळे का, ते कळते.

मग माणूस कुठे आला? तो आला ‘डोई’त. दरडोई उत्पन्न, दरडोई पाणी. ‘घरटी एक माणूस’ म्हटले की माप घर; ‘माणशी शंभर रुपये’ म्हटले की माप माणूस. वर्गणी गोळा करणाऱ्याला हा फरक बिनचूक कळतो: घरटी वर्गणीत पाच माणसांचे आणि पंधरा माणसांचे घर सारखेच देते, माणशी वर्गणीत नाही.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘इसम’. ‘एक अनोळखी इसम’ असे पोलीस पंचनाम्यात लिहिलेले असते. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. वहीत नाव चढले, त्या नावालाच माणूस म्हणू लागले, आणि आता ज्याचे नाव ठाऊक नाही त्यालाही आपण ‘इसम’ म्हणतो. ‘असामी’ही त्याच घरातली, ते मूळ अरबीत नावांचे अनेकवचन. ‘बडी असामी’ म्हणताना कोणाला वाटत नाही की आपण ‘नावे’ म्हणतो आहोत. ‘पट’ या शब्दाचे थोडे असेच झाले. पट म्हणजे कापड, त्यावरून यादी, आणि शाळेत ‘पटावर साठ मुले’ म्हणजे नावे साठ. बाकावर किती, हा वेगळा प्रश्न. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली ती या दोहोंतले अंतर मोजण्यासाठीच. गावातल्या शाळेचा आकडा वाचताना तो पटाचा आहे की हजेरीचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ‘आकडा’. संस्कृत ‘अंक’ म्हणजे वळण, आकडी, खूण, मांडी आणि संख्याही. मराठीत आकडा म्हणजे अडकवायची वाकडी तार आणि लिहिलेली संख्या, दोन्ही. विजेच्या तारेवर आकडा टाकणारा आणि खतावणीत आकडा टाकणारा एकच शब्द वापरतो. त्याला ‘वारी’ लागली की आकडेवारी. ही वारी पंढरीची नव्हे. फारसीतला ‘वार’ हा प्रत्यय ‘त्या-त्या प्रमाणे, एकेक करून’ असा अर्थ देतो: तपशीलवार, तारीखवार, खातेवार. त्यातून आपण वर्गवारी, क्रमवारी, टक्केवारी, विगतवारी अशी भलीमोठी प्रजा वाढवली. ‘रयतवारी’ही तीच: गावाकडून एकगठ्ठा सारा न घेता एकेका रयतेच्या नावावर तो बसवायची पद्धत. आकडेवारी म्हणजे आकड्यांचा ढीग नव्हे. कशाप्रमाणे तरी वेगळे करून मांडलेले आकडे, हे तिच्या नावातच आहे. कशाप्रमाणे वेगळे केले, ते सांगितले नाही तर ती आकडेवारीच नाही.

या ‘वारी’च्या कुटुंबातली गावाला सर्वांत जवळची ती आणेवारी. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. ‘यंदा बारा आणे पीक आहे’ असे शेतकरी म्हणे आणि ऐकणाऱ्याला वर्ष कसे गेले ते कळे. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणे गेले, आणि कागदावर ‘पैसेवारी’ आली. बोलण्यात मात्र आणेवारी राहिली. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे, आणि हीच सीमारेषा ठरली. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी लागली तर गाव टंचाईत, जास्त लागली तर नाही.

ही रेषा किती जड आहे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणालाही विचारावे. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरजेप्रमाणे टँकर. हे सगळे एका दोनअंकी आकड्याभोवती फिरत आले. त्या आकड्याला टप्पे असतात: आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ‘नजरअंदाज’ शब्द जसा आहे तसाच घ्यायचा, उभ्या पिकाकडे पाहून बांधलेला अंदाज. अंतिम पैसेवारीला पीककापणी प्रयोगांचा आधार लागतो: ठरवलेल्या तुकड्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे आणि ते प्रमाण मानलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहायचे. नजरअंदाज पैसेवारी साठ पैसे आणि अंतिम पंचेचाळीस पैसे असे होते, तेव्हा गावात लोक ‘आकडा बदलला’ म्हणून संशय घेतात. दोन्ही वेळा मोजलेली गोष्टच वेगळी असते. पण हे समजावून सांगायला चावडीवर कोणी बसत नाही, हा दोष मी यंत्रणेचाच मानतो.

पुढे केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आली. पाऊस, मातीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ अशी वेगळी मापे आली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्या निकषांवर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मापाबरोबर घटकही बदलला. आणेवारी गावाची होती. नव्या पद्धतीत तालुका आणि महसूल मंडळ बोलू लागले. पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी असतो. तिथे सरी कोसळल्या आणि दहा किलोमीटरवरच्या वाडीत ढेकूळही भिजले नाही, तरी मंडळाचा पाऊस तोच तुमचा पाऊस. इथे ‘काय मोजले’च्या जोडीला ‘कुठे मोजले’ हा प्रश्न उभा राहतो.

वाडीचा तर आणखी एक प्रश्न आहे. कोकणात एका महसुली गावाच्या पोटात सात-आठ वाड्या असतात. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा, म्हणजे मौज्याचा. ग्रामपंचायत कधी दोन-तीन गावांची गटग्रामपंचायत. ज्याला माणसे ‘आमचे गाव’ म्हणतात ती बहुतेक वेळा वाडी असते आणि तिचा आकडा कुठल्याच छापील तक्त्यात नसतो. त्यातून एकाच जिल्ह्यात एकाच नावाची गावे सापडतात. बुद्रुक आणि खुर्द (फारसी ‘बुजुर्ग’, मोठे आणि ‘खुर्द’, लहान) ही फोड जुन्या काळची. आज काही ठिकाणी खुर्दची वस्ती बुद्रुकच्या पुढे गेली आहे. म्हणून २०११ च्या जनगणनेत गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. नावाने गाव शोधणारा फसतो, क्रमांकाने शोधणारा फसत नाही.

नावाने शहर शोधणाराही फसतो. जनगणना काही गावांना शहर मानते, तिथे नगरपालिका नसली तरी. अट अशी: लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. अशा ठिकाणी ग्रामपंचायत चालू असते, सरपंच असतो, घरपट्टी ग्रामपंचायतच घेते. आणि जनगणनेच्या तक्त्यात ते ‘नागरी’ रकान्यात बसते.

‘सरासरी’ हा शब्द मला सावधगिरीचा वाटतो. फारसीत ‘सरासर’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरसकट; उर्दूत ‘सरसरी नजर’ म्हणजे वरवर फिरवलेली नजर. मोजमापाच्या शास्त्राने त्याला नेमका अर्थ दिला, तरी वरवरपणाची ती छटा विसरू नये. २०११ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. ही राज्याची सरासरी. बीड जिल्ह्यात त्याच साली ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ ला, बीडचाच आकडा ८९४ होता. राज्याच्या सरासरीखाली बीडमधल्या मुलींचे नाहीसे होणे दबून गेले असते. जिल्ह्याचा आकडा वेगळा छापला म्हणून ते दिसले, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईत बीडचे नाव पुढे आले. स्थानिक आकडा कशाला हवा, याचे याहून जळजळीत उत्तर माझ्याकडे नाही.

टक्क्याचेही थोडेसे असेच. ‘टंक’ म्हणजे नाणे, त्यावरून टाकसाळ, बंगालीत टाका, आणि आपल्याकडे शेकड्यातला भाग. ‘मराठी टक्का’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या राजकारणात रोज कानावर येतो. तो मोजला जातो जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यातून, आणि त्या रकान्याची व्याख्या फार थोड्यांना ठाऊक असते. लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती मातृभाषा. प्रगणकाने ती सांगितली तशीच लिहायची असते. तिचे गट नंतर वरच्या कार्यालयात लागतात. अहिराणी सांगणारा ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली जातो. २०११ ला खानदेशी सुमारे १८.६ लाख होती, मराठी ८.३० कोटी. मालवणी सांगणारा कोंकणीखाली जातो. भोजपुरी आणि राजस्थानी सांगणारे हिंदीखाली. मराठी किती वाढली आणि हिंदी किती, या वादात दोन्ही बाजू जो आकडा हातात धरतात, तो असा गटांतून तयार झालेला आहे. मला ही जुळवाजुळव सगळीकडे पटत नाही, पण ती उघड छापलेली आहे. भाषांचे तक्ते काढून मातृभाषेपर्यंत खाली उतरले की अहिराणी अहिराणी म्हणूनच भेटते.

‘स्टॅटिस्टिक्स’ या शब्दात ‘स्टेट’ बसलेले आहे. अठराव्या शतकात जर्मनीत राज्याविषयीच्या माहितीला हा शब्द लागला, आणि सुरुवातीला त्यात आकडे असायलाच हवेत असेही नव्हते. स्कॉटलंडच्या जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ ते १७९९ या काळात चर्चच्या एकेका हद्दीतल्या धर्मोपदेशकाला प्रश्नावली पाठवून २१ खंडांचा वृत्तान्त छापला आणि हा शब्द इंग्रजीत रुजवला. राज्याच्या बळापेक्षा लोकांच्या सुखाचे प्रमाण पाहावे, ही त्यांची भूमिका. तो वारा फार लवकर आपल्याकडे आला. पेशवाई संपताच टॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरने पुण्याच्या पूर्वेच्या लोणी गावाची घरे, पिके, खाणे, कपडे, कर्ज अशी पाहणी केली. ती १८२३ साली छापली गेली. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचे तेच लोणीकंद पुन्हा अभ्यासले आणि १९६० साली पुस्तक काढले. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम साइक्स यांना दख्खनची माहिती गोळा करायला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. हेच साइक्स पुढे लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होते. नगर-पुण्याच्या माळावर घडलेली ही नजर होती.

त्यात माझा जीव सर्वांत जडला आहे तो हॅरॉल्ड मान यांच्या पाहणीवर. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाची जमीन आणि मजुरी यांवर ग्रंथ छापला, १९२१ ला ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकवर दुसरा. पिंपळे सौदागरला जुने दप्तर धुंडाळून त्यांनी सरासरी जमीनधारणा काढली: १७७१ ला ४० एकर, १८१८ ला साडेसतरा, १९१५ च्या सुमाराला ७ एकर. गावाच्या एका रकान्यात दीडशे वर्षे. आज तिथे शेत दिसत नाही, उंच इमारतींचे उपनगर आहे, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आकड्यांत ते विरून गेले आहे. त्या गावाचे शेतकरीपण जाणून घ्यायला मान यांचे तक्तेच उघडावे लागतात. ‘दप्तर’ शब्दाचेही मूळ सांगून टाकतो: ग्रीक ‘डिफ्थेरा’, कमावलेले कातडे, त्यावर लिहीत म्हणून. तिथून फारसी ‘दफ्तर’, मग आपले पेशवे दप्तर, आणि आता पोरांच्या पाठीवरचे.

‘संख्या’ हा आपला शब्द यांतल्या कोणाहून कमी नाही. सम् अधिक ख्या. ‘ख्या’ म्हणजे सांगणे, कळवणे. आख्यान, व्याख्या, ख्याती हे सगळे त्याच धातूचे. संख्या म्हणजे नीट, पूर्णपणे सांगितलेले. कोलकात्यात १९३३ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्या नियतकालिकाला ‘संख्या’ हे नाव दिले, ते याच अर्थाच्या ओढीने.

गावाची संख्या प्रत्यक्षात हाती कुठे लागते? २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत. तिचा एक भाग गावांची सोयीसुविधांची यादी, दुसरा ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’. गोषवारा हा शब्दही सुंदर: फारसी ‘गोशवारा’, गोश म्हणजे कान, गोशवारा म्हणजे कानातले. जमाखर्चाच्या सारांशालाही तोच शब्द लागला. गावाच्या ओळीत कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे असे रकाने. शेवटच्या रकान्यांपाशी थांबावे. काम करणारे दोन प्रकारचे: वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारे ‘मुख्य’, कमी करणारे ‘सीमांतिक’. प्रगणक दारात विचारतो, “घरातल्या बाई काय करतात?” ओट्यावर बसलेला सासरा सांगतो, “ती काय करणार, घरीच असते.” ती बाई पेरणीपासून मळणीपर्यंत रानात असते, खुरपते, कापूस वेचते, गुरांचे बघते. घरच्या शेतात बिनपगारी राबणे हे जनगणनेच्या व्याख्येत कामच आहे. पण सासऱ्याच्या एका वाक्याने ती ‘काम न करणारी’ ठरते, आणि गावाच्या ओळीत शेतकरी स्त्रियांची संख्या तेवढी उतरते. या रकान्याइतका अविश्वास मला दुसऱ्या कशाचाच वाटत नाही. त्यात दोष सांख्यिकीचा कमी, आपल्या तोंडच्या ‘काम’ या शब्दाचा जास्त. आपण काम म्हणतो ते ज्याचे पैसे मिळतात त्याला.

याच पुस्तिकेच्या जोडीला अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ असते, आणि पिकांसाठी सातबाऱ्यातला बारा, म्हणजे गाव नमुना १२. दोन नमुन्यांचे क्रमांक चिकटून मराठीला एक नाम मिळाले, त्यातल्या बाराकडे मात्र कोणी बघत नाही. मालकी सातावर असते, पीक बारावर. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. त्याने ती केली नाही तर तालुक्याच्या आकड्यात त्याचे सोयाबीन नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. जनगणनेतली तुमची वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते. कोणी ती पाहायला मागू शकत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. तेव्हा संकोच नको. मातृभाषा विचारली तर आई जी बोलली तीच सांगा, अहिराणी असेल तर अहिराणी, मालवणी असेल तर मालवणी. चुली दोन असतील तर दोन सांगा. घरातल्या बाईचे काम तिचे तिला सांगू द्या, शेतात किती महिने ते महिन्यांनी सांगू द्या. आणि प्रगणक येण्याआधी २०११ च्या पुस्तिकेतली आपल्या गावाची ओळ काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ती फुकट मिळते.